घर कोणाला द्यावयाचे, हे कोणी ठरवावयाचे?



आजच्या व्याख्यानाचा विषय मला विचारण्यात आला, तेव्हा मी 'घर' एवढाच शब्द कळविला. मंडळींची अशी समजूत झाली की, मी घरकुल योजनेचे नियम समजावून सांगणार. त्या नियमांकडेही मी शेवटी येणार आहे. परंतु आधी आपणांस मला फार लांब, अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात न्यावयाचे आहे. याला कारण एक पाकीट आहे.

काही वर्षांपूर्वी एक वृद्ध विधवा बाई माझ्याकडे आल्या. त्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या ओट्यावर झोपत असत. एका कचेरीत त्यांनी घरासाठी अर्ज केला होता. अर्जातील पत्त्याचा रकाना कोरा चालत नाही असे खिडकीवरील कारकुनाने सांगितले, म्हणून समोरच्या चहावाल्याने सद्‌भावनेने आपल्या टपरीचा पत्ता घालून दिला. वर्षभराहून अधिक काळ गेला. मग कचेरीने चौकशीसाठी हजर राहण्याचे पत्र पाठविले. तोपर्यंत चहाची टपरी उठविली गेली होती. 'सदर पत्त्यावर राहत नाही' असा शेरा मारून पोस्टमनने पाकीट परत केले. आणि 'अर्जदार गैरहजर' असे लिहून कचेरीने अर्ज निकालात काढला. ते न उघडलेले पाकीट मी कागदपत्रांत स्वतः पाहिले आहे. ज्या बाईला घर नव्हते म्हणूनच घर मागावयाचे होते, तिचा अर्ज ती घरी सापडली नाही या कारणाने फेटाळला गेला!

त्या कचेरीत कोणाचा दुष्ट हेतू होता, असे मी म्हणत नाही. कारकुनाने नियम पाळला, पोस्टमननेही पाळला. दोघांनीही आपले काम चोख केले, आणि त्यांच्या चोख कामातूनच हा अन्याय उत्पन्न झाला. आपल्या समाजात घरे कमी का, जमीन कोणाच्या हाती, यावर पुष्कळ बोलले जाते आणि ते बोललेच पाहिजे. परंतु जी थोडी घरे असतात ती कोणाच्या नावाशी जोडली जातात, ती जोडणी कोण करतो आणि कोणत्या प्रश्नांच्या आधारे करतो, याकडे आपले लक्ष जात नाही. अमेरिकेत या जोडणीचे एक मोठे शास्त्रच बनविण्यात आले आहे. त्यात त्यांनी काय मिळविले आणि कोठे ठेच खाल्ली, हे आपण पाहावे अशी माझी इच्छा आहे.

कोणी विचारील, अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात बेघर माणसे कोठून आली? २०२४ च्या जानेवारीत त्या सरकारने एका रात्रीची गणना केली, तेव्हा ७ लाख ७१ हजार ४८० माणसे बेघर आढळली. त्यांतील सुमारे ३२ टक्के कृष्णवर्णीय होती. देशाच्या लोकसंख्येत मात्र कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १२ टक्केच आहे. हा योगायोग नव्हे. १९३० नंतरच्या दशकात तेथील सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे बनवून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगविल्या. लाल वस्तीत घरासाठी कर्ज देणे धोक्याचे, असा त्या रंगाचा अर्थ. घरांच्या बाबतीत वर्णभेद करण्यास मनाई करणारा कायदा १९६८ साली झाला, तोपर्यंत एका पिढीने घरे घेतली होती आणि दुसरी पिढी भाड्याच्या खोल्यांतच राहिली होती. गावकुसाची रेघ आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. त्यांची रेघ शाईची होती, एवढाच फरक. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात त्याच न्यूयॉर्क शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, आणि १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डू बॉइस यांना स्वतः होऊन पत्र लिहिले होते. तेव्हा त्या लोकांच्या प्रश्नाकडे आपण पाहणे, यात आपली जुनी ओळखच आहे.

आता न्यूयॉर्कची गोष्ट ऐका. १९७९ साली रॉबर्ट हेझ नावाच्या एका तरुण वकिलाने बेघर पुरुषांच्या वतीने तेथील न्यायालयात दावा लावला. वय अवघे सव्वीस, नोकरी मोठमोठ्या धनिकांची कामे करणाऱ्या एका पेढीत. त्याच्या अर्जदारांत रॉबर्ट कॅलहन नावाचा एक गृहस्थ होता. त्याला दारूचे व्यसन होते, आणि तो बावरी नावाच्या रस्त्यावर दिवस काढीत असे. वकिलाने फार मोठे तत्त्वज्ञान सांगितले नाही. न्यूयॉर्क राज्याच्या घटनेत १९३८ साली एक कलम घालण्यात आले होते की, गरजूंचे साहाय्य व सांभाळ ही सार्वजनिक जबाबदारी आहे. ते मंदीचे दिवस होते, आणि कलम लिहून सगळे विसरून गेले होते. वकिलाने ते वाचून दाखविले आणि विचारले, हे शब्द खरे आहेत की शोभेचे? न्यायालयाने त्याच वर्षी शहराला निवारा देण्याचा हुकूम केला. पुढे १९८१ च्या ऑगस्टमध्ये उभय पक्षांच्या संमतीचा हुकूमनामा झाला. त्यात खाट किती रुंद असावी, हेसुद्धा लिहिलेले आहे: किमान ३० इंच. गादी, चादरी, उशी, घोंगडी, सर्व काही लिहिलेले आहे. आम्हा वकिलांना लोक शब्दांचे कीस काढणारे म्हणून हसतात. पण ३० इंच असे लिहिले नसते, तर त्या माणसांना बाकावर निजविण्यात आले असते आणि शहराने हुकूम पाळला म्हणून सांगितले असते.

रॉबर्ट कॅलहन ही सही पाहावयास उरला नाही. तो आदल्या वर्षीच रस्त्यावर मरण पावला. त्याचे नाव मात्र दाव्याला राहिले.

परंतु खाट म्हणजे घर नव्हे. मोठ्या दालनात शेकडो माणसे रात्री निजतात आणि सकाळी बाहेर पडतात, याने थंडीत जीव वाचतो. माणूस सावरत नाही. त्यातही जो वेडाच्या आजाराने, व्यसनाने किंवा जुनाट दुखण्याने पछाडलेला आहे, तो अशा दालनातून पळ काढतो. अशा माणसांसाठी तेथे आणखी एक प्रकारचे घर निघाले. त्याला तिकडे 'सपोर्टिव्ह हाऊसिंग' म्हणतात; मी त्याला आधाराचे घर म्हणेन. त्याची रीत साधी आहे. माणसाला स्वतःच्या नावाची खोली, स्वतःच्या हाती किल्ली आणि भाडेकरूचे कायदेशीर हक्क. भाडे बहुधा उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी, बाकीचे सरकार भरणार. आणि त्याच इमारतीत, अथवा हाक मारल्यास येण्याइतक्या जवळ, औषधपाणी, कागदपत्रे, काम शोधणे यांसाठी मदत करणारी माणसे. १९९० साली न्यूयॉर्क राज्य आणि शहर यांनी अशी हजारो घरे उभारण्याचा करार केला. शहराच्या मध्यभागी टाइम्स स्क्वेअरजवळ ६५२ खोल्यांचे एक मोडकळीस आलेले जुने हॉटेल होते. त्याचेही असेच घर बनविण्यात आले.

१९९२ साली त्याच शहरात सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने आणखी एक पाऊल टाकले. तोपर्यंत रीत अशी होती की, आधी दारू सोडा, औषध नियमित घ्या, शिस्त दाखवा, मग घर. म्हणजे आधी पात्रता सिद्ध करा. त्याने क्रम उलटविला: आधी घर द्या, बाकीचे घरात बसून पाहू. लोक म्हणाले, ही माणसे खोल्या जाळतील. प्रत्यक्षात त्या प्रयोगात घर मिळालेल्या दर पाचांपैकी सुमारे चारजण आपल्या घरी टिकून राहिले. आधी लायक व्हा, मग हक्क मागा, हा उपदेश आपल्या वाडवडिलांनीही पुष्कळ ऐकला आहे. विहिरीचे पाणी मागितले तर आधी स्वच्छ व्हा; आणि स्वच्छ व्हावयाचे तर पाणी कोठे आहे?

येथवर गोष्ट चांगली आहे. अडचण पुढे आहे. घरे हजार आणि मागणारे दहा हजार, तर हजारांत कोणाला घ्यावयाचे? पूर्वी प्रत्येक संस्था आपापली यादी ठेवी. जो आधी आला, जो बोलका होता, ज्याच्यासाठी कोणी दूरध्वनी केला, त्याला घर मिळे. याचा परिणाम असा होई की, जरा सावरलेला माणूस खोलीत जाई आणि पार खचलेला माणूस फुटपाथवरच मरे. म्हणून २०१२ साली संघराज्य सरकारने नियम केला की, सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक भागाने एकच प्रवेशद्वार ठेवावे, सर्वांना सारखेच प्रश्न विचारावेत आणि ज्याची गरज तीव्र त्याला आधी घर द्यावे. तत्त्व निर्विवाद न्याय्य आहे. वशिल्याच्या जागी नियम आला, याला मी लहान गोष्ट मानीत नाही.

मग प्रश्नपत्रिका आली. २०१३ साली निघालेली एक प्रश्नपत्रिका देशभर पसरली. तिचे नाव व्हीआय-एसपीडीएटी असे लांबलचक आहे. रस्त्यावर किंवा निवाऱ्यात एक अनोळखी कार्यकर्ता येतो आणि विचारतो: गेल्या सहा महिन्यांत तुम्ही किती वेळा इस्पितळात गेलात? पोलिसांशी किती वेळा गाठ पडली? कोणी मारहाण केली काय? अमली पदार्थ घेता काय? पैशासाठी शरीर विकावे लागले काय? उत्तरांवरून गुण पडतात. एकट्या माणसासाठी जास्तीत जास्त १७ गुण. आठ किंवा अधिक पडले तर आधाराच्या घराच्या यादीत नाव. चारापासून सातापर्यंत पडले तर काही काळ भाड्याची मदत. त्याहून कमी पडले तर घराची मदत नाही.

जरा विचार करा. आपल्यापैकी कोणी माउली आपल्या लेकरांना घेऊन अशा टेबलासमोर बसली आहे. तिला कोणी मारले होते, हे ती पहिल्याच भेटीत परक्या माणसाला सांगेल काय? सांगितले तर मुले काढून नेतील, ही भीती तिच्या मनात असणार. इस्पितळात किती वेळा गेलात? ती गेलीच नाही, कारण तेथे तिला कोणी नीट वागविले नाही, किंवा बिल भरावयास पैसे नव्हते. प्रश्नपत्रिका या न जाण्याचा अर्थ प्रकृती ठीक आहे असा लावते! जो सोसून गप्प राहतो त्याला कमी गुण, आणि ज्याला आपले दुःख कागदाच्या भाषेत मांडता येते त्याला अधिक. पुढे अभ्यासकांनी गुणांची छाननी केली, तेव्हा आढळले की गोऱ्या अर्जदारांना, विशेषतः गोऱ्या स्त्रियांना, अधिक गुण पडत होते आणि कृष्णवर्णीय स्त्रियांना कमी. प्रश्नपत्रिकेत वर्णाविषयी एक अक्षरही वाईट नव्हते. २०२० च्या अखेरीस ती तयार करणाऱ्या संस्थेनेच तिचा वापर थांबविण्याच्या दिशेने पाऊल टाकले. आपली चूक जाहीर रीतीने मान्य करणाऱ्या संस्था विरळा, एवढे श्रेय तिला दिले पाहिजे.

एका रकान्याने काय होते, हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक असणार? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस कोण, हे धर्माच्या रकान्यावरून ठरविण्यात आले. १९५६ साली लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. तीच वस्ती, तोच व्यवसाय, तीच वागणूक गावाकडून. परंतु धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असे लिहिताच केंद्राच्या सवलती गेल्या. त्या १९९० साली आदेशात दुरुस्ती होईपर्यंत परत आल्या नाहीत. चौतीस वर्षे! कोणी आपल्याशी भांडावयास आले नव्हते. फक्त एक रकाना होता. म्हणून मी म्हणतो की, अर्जातील प्रश्न हा अर्जाचा निम्मा निकाल असतो, आणि तो प्रश्न कोणी लिहिला हे विचारण्याचा हक्क अर्जदाराला असला पाहिजे.

प्रश्नपत्रिका फसली, तेव्हा काही ठिकाणी यंत्राकडे धाव घेण्यात आली. पिट्सबर्ग शहर ज्या जिल्ह्यात आहे, त्या ॲलेघेनी जिल्ह्याने २०२० साली माणसाला प्रश्न विचारणेच कमी केले. त्याऐवजी संगणक सरकारी दप्तरांत पाहतो: हा माणूस पूर्वी इस्पितळात, मानसोपचारात, तुरुंगात किती वेळा होता, आणि पुढच्या वर्षात त्याच्यावर मोठे संकट येण्याचा संभव किती, याचा एक ते दहा असा अंक काढतो. याची एक बाजू मला पटते. अत्याचाराची गोष्ट पुनःपुन्हा सांगावयास लावणे, ही स्वतःच एक क्रूरता आहे. तेवढी तरी टळली. दुसरी बाजू पटत नाही. ज्याची सरकार-दप्तरी नोंदच नाही, जो कालच दुसऱ्या गावाहून आला, त्याला यंत्र काय ओळखणार? आणि कार्यकर्त्याशी निदान वाद तरी घालता येतो. अंकाशी वाद कसा घालावयाचा? मी पंधरा-वीस वर्षे न्यायालयात काढली आहेत. न्यायाधीश चुकतात, हे मला माहीत आहे. पण न्यायाधीशाला कारणे लिहावी लागतात, आणि लिहिलेल्या कारणावर अपील करता येते. ज्या निकालाला कारण नाही, त्याला मी निकाल म्हणत नाही.

यादीत नाव आले म्हणजे घर मिळाले, असेही नाही. न्यूयॉर्कमध्ये पात्र ठरलेल्या माणसाला घर चालविणाऱ्या संस्थेपुढे मुलाखतीला जावे लागते, आणि ती संस्था त्याला नाकारू शकते. एका रिकाम्या खोलीसाठी अनेक उमेदवार पाठविण्याची रीत तेथे पडली. मग संस्था साहजिकच त्यातल्या त्यात शांत, त्रास न देणारा माणूस निवडणार. ज्या पार खचलेल्या माणसासाठी ही घरे बांधली, तो पुन्हा बाहेर! २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तेथील वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले की, अशी जवळजवळ २,६०० घरे त्या शहरात रिकामी पडलेली आहेत. आणि त्याच वेळी निवाऱ्यांत हजारो माणसे होती. कुलपे घरांना, आणि माणसे बाहेर. याला घरांची टंचाई म्हणता येत नाही. हा जोडणीचाच दोष आहे. त्याच वर्षी शहराच्या कायदेमंडळाने नियम केला की, किती पात्र ठरले, कितींची मुलाखत झाली, कितींना घेतले आणि कितींना नाकारले, याचा हिशेब प्रसिद्ध केला पाहिजे. नुसत्या हिशेबाने घर मिळत नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे, परंतु जो आकडा छापावा लागतो, तो लपविता येत नाही, आणि जो लपविता येत नाही, त्याच्यावर भांडता येते.

आता एक चांगले उदाहरण. टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहर औदार्यासाठी मुळीच प्रसिद्ध नाही. तेथे २०११ नंतरच्या सुमारे दहा वर्षांत बेघरांची संख्या ६० टक्क्यांहून अधिक घटली. त्यांनी काय केले? आधी एक गोष्ट मोजली. निवृत्त बेघर सैनिकाने मदत मागितल्यापासून त्याच्या हाती किल्ली पडेपर्यंत किती दिवस लागतात? उत्तर आले: ७२० दिवस आणि ७६ पायऱ्या. कोणी एकाने या ७६ पायऱ्या रचलेल्या नव्हत्या. प्रत्येक खात्याने आपापली एकेक ठेवली होती. मग शहर, जिल्हा आणि शंभराहून अधिक संस्था एका यादीवर आल्या. एकाच तपासणीचा कागद सर्वांनी मान्य करावयाचा, असे ठरले. घरमालकांशी आधीच बोलून खोल्या हाताशी ठेवण्यात आल्या, म्हणजे माणूस तयार आणि खोली नाही, किंवा खोली तयार आणि माणसाचा दाखला नाही, अशी चुकामूक होऊ नये. २०२२ साली वृत्तपत्रांनी दिलेला आकडा ३२ दिवसांचा होता. पैसा लागला, पुष्कळ लागला. पण ७२० चे ३२ होण्यात पैशापेक्षा अधिक काम त्या एका प्रश्नाने केले: हा कागद का मागता?

मी जोडणीचे फार गुणगान करीत आहे, असे वाटून घेऊ नका. पाच भाकरी आणि पन्नास माणसे असतील, तर कितीही शहाणपणाने वाटल्या तरी पंचेचाळीस उपाशीच राहणार. चांगली यादी ही घरे न बांधण्याची सबब होता कामा नये. आणि वारा बदलला की काय होते, तेही पाहा. २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओरेगॉनमधील ग्रँट्स पास या लहान शहराच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी ठरविले की, उघड्यावर निजण्याबद्दल शहराने दंड किंवा शिक्षा करणे हे त्यांच्या घटनेच्या विरुद्ध नाही. पुढे जुलै २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून 'आधी घर' या धोरणाचा पाठिंबा संपविण्यास सांगितले. म्हणजे तीस वर्षांच्या अनुभवाने जे शिकले, ते एका सहीने पुसावयाचे.

आपल्याकडे काय आहे? मुंबईच्या फुटपाथवरील लोकांचा खटला, ज्याला ओल्गा टेलिस खटला म्हणतात, त्याचा निकाल १९८५ साली पाच न्यायमूर्तींनी दिला. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कात येतो, हे वाक्य त्यातील सर्वांना पाठ आहे. त्याच निकालाने लोकांना हलविण्यास मुभाही दिली, फक्त पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबावयास सांगितले. हे वाक्य व्याख्यानांत फारसे कोणी सांगत नाही. आणि पर्यायी जागा कोणाला? १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती, त्यांना. गणनेच्या दिवशी जो कामाला गेला होता, त्याचे काय? पुढे झोपडपट्ट्यांच्या बाबतीत १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २००० अशा तारखा आल्या. आमच्याकडील प्रश्नपत्रिकेत एकच प्रश्न असतो: त्या तारखेचा पुरावा आहे काय? आजारी आहात काय, एकट्या आहात काय, कडेवर मूल आहे काय, हे कोणी विचारीत नाही. अमेरिकेची प्रश्नपत्रिका चुकीची निघाली. पण निदान गरज किती, हे विचारण्यासाठी ती होती.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर मोजली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा असे सांगितले. निवारा म्हणजे पुन्हा खाटच. खाटेपासून खोलीपर्यंत नेणारी पायरी आपल्याकडे जवळजवळ नाही. घरकुल योजना, आपल्या समाजासाठी असलेली रमाई आवास योजनासुद्धा, प्रामुख्याने ज्याची स्वतःची जागा किंवा मोडके घर आहे त्याच्यासाठी आहे. अर्जासोबत जागेचा उतारा मागतात. ज्यांना जागा आहे अशा हजारो कुटुंबांना तिने पक्के छप्पर दिले, हे मी आनंदाने सांगतो. परंतु ओट्यावर झोपणाऱ्या त्या बाईंजवळ कोणता उतारा असणार?

तेव्हा या वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींकडे माझे एक मागणे आहे. आपल्या घरांत दाखले जपून ठेवण्याची सवय आता लागली आहे. आजूबाजूला ज्यांच्याजवळ एकही दाखला नाही, अशांचे कागद तयार करण्यासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ द्या. आधार कार्ड, बँकेचे खाते, पतीच्या मृत्यूचा दाखला: ह्यूस्टनमध्ये आधी हेच केले गेले. अर्जावर पत्ता नसेल, तर त्या माणसाच्या संमतीने आपल्या विहाराचा पत्ता घाला आणि येणाऱ्या पत्रांसाठी एक वही ठेवा. कोणाचे पत्र कधी आले आणि त्याला केव्हा कळविले, हे तीत लिहा. पाकीट परत जाता कामा नये. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका.

आणि अर्ज फेटाळला गेला, तर 'नाही म्हणाले' एवढे ऐकून घरी परतू नका. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील चौथ्या कलमात असे म्हटले आहे की, सरकारी कचेरीने आपल्या निर्णयाची कारणे ज्याच्यावर त्या निर्णयाचा परिणाम होतो त्याला दिली पाहिजेत. अर्ज साध्या कागदावर चालतो. तीन गोष्टी मागा: माझा अर्ज कोणत्या कारणाने फेटाळला, ते लेखी द्यावे, ज्या यादीत माझे नाव होते तिची प्रत आणि क्रम ठरविण्याचा नियम द्यावा, आणि मला पाठविलेल्या प्रत्येक पत्राची व त्यावरील टपालाच्या शेऱ्याची प्रत द्यावी. दारिद्र्यरेषेखालील माणसाला याची फी लागत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर त्याच खात्यात अपील करावयाचे आहे. त्या अपिलाला वकील नको.

त्या बाईंच्या बाबतीत आम्ही हेच केले. परत आलेले पाकीटच पुरावा ठरले. त्यांचा अर्ज पुन्हा उघडला गेला आहे. यादीत नाव आले आहे, खोली अजून मिळालेली नाही. आता त्यांची पत्रे माझ्या कार्यालयाच्या पत्त्यावर येतात.